वारणेकांठची दुपदरी तार

सांगलीकरांची आणि वारणेची ओळख होते ती तिच्या शेवटच्या पावलाशीं. हरिपुरास संगमेश्वराच्या दर्शनास जावें, घाटावर घटकाभर बसावें आणि पश्चिमेकडून आलेली ती नदी कृष्णेंत मिळतांना पाहावी, इतकाच आमचा तिचा संबंध. वर चांदोलीपासून उतरतांना ती कोणाचीं शेतें भिजविते, कोणत्या गांवांना एकमेकांपासून तोडते, याची चौकशी आम्ही फारशी करीत नाहीं. मला ती करण्याचा योग आला तो एका विद्यार्थ्यामुळें. आणि गेल्या माघांत त्या बाजूस पुन्हां गेलों तोही त्याच्याचसाठीं. खरें सांगावयाचें तर मनावरचें एक जुनें ओझें उतरविण्यास गेलों होतों. तें कसलें, तें ओघानें येईलच.

आष्ट्यावरून महामार्ग गांठला आणि दक्षिणेकडे निघालें, कीं वारणेचा पूल लागतो. पूल ओलांडतांच सांगली जिल्हा संपून कोल्हापूर सुरू होतें. पुढें वाठारला उजवीकडे वळावयाचें. माघांत या रस्त्यास दोहों अंगांस ऊंस, समोरून ऊंसाच्याच गाड्या, आणि वारा फिरला कीं मळीचा वास. आमच्या एस. टी.पुढें ट्रॅक्टरची जी रांग लागली होती तिला मागें टाकण्याचा नाद चालकानें लवकरच सोडून दिला. मला घाई नव्हती. दक्षिणेकडे जोतिबाचा डोंगर स्पष्ट दिसत होता, नैर्ऋत्येस पन्हाळा धुक्यांत अर्धा बुडालेला.

विद्यार्थ्याचें गांव नदीच्या उत्तरतीरीं आहे. तिकडे जाण्यास वारणानगरापर्यंत येण्याची जरुरी नव्हती. परंतु त्याची हकीकत या गांवापासून सुरू होते, म्हणून मी आधीं येथें उतरलों. तात्यासाहेब कोरे यांनीं सहकाराच्या बळावर येथें साखर-कारखाना उभा केला आणि त्याच्या भोंवतीं दूध-संघ, शाळा, महाविद्यालयें असा संसार मांडला. येथल्या मुलांच्या वाद्यवृंदाचें नांव दूरवर झालें. श्रीखंडाचें तर त्याहूनही दूर. (तें मी घेतलें नाहीं. वैद्यांनीं साखर वर्ज्य केलेल्या मनुष्यानें साखर-कारखान्याच्या दारांत श्रीखंडाचा डबा घेऊन उभें राहणें बरें दिसत नाहीं.)

इ. स. १९९८ मध्यें केंद्र व राज्य सरकार आणि येथील सहकारी संस्था यांच्या पैशानें वारणाखोऱ्यांतील सत्तर गांवांसाठीं एक योजना निघाली. गांवोगांवीं संगणकाचें केंद्र, आणि तें टेलिफोनच्या तारेनें वारणानगरच्या मुख्य संगणकाशीं जोडलेलें. ऊंसाची नोंद, तोडीची पाळी, वजनाचा आंकडा, खताची मागणी, अशा ज्या कामांसाठीं शेतकऱ्यास कारखान्यापर्यंत हेलपाटा पडे, तीं गांवांतच व्हावीं हा उद्देश. शिवाय बाजारभाव, जमिनीचे उतारे, शेतीचा सल्ला हेंही पुढें मिळावें असा संकल्प होता. वर्तमानपत्रांत तेव्हां तिचें कौतुक पुष्कळ झालें.

माझ्या विद्यार्थ्याचें गांव त्या सत्तरांत नव्हतें.

तो आमच्या शाळेंत शिकला. संस्कृतांत बरा, गणितांत फार चांगला. पुढें पदविका घेऊन गांवीं परतला आणि इ. स. २००० मध्यें घराच्या पडवींत त्यानें एक टेलिफोन-बूथ काढून त्यांतच एक संगणक ठेवला. नदीपलीकडे सरकारनें जें केलें तें अलीकडे आपण स्वतः करून दाखवूं, अशी त्याची ईर्ष्या होती. परंतु त्याची तार फार लांबून आलेली. खांबावरून, शिवारांतून, ठिकठिकाणीं सांधे दिलेली. मोडेमवर छप्पन्न हजारांचा आंकडा छापलेला असे. पण तो वेग येण्यास पलीकडच्या संस्थेचें टोक एक्स्चेंजशीं थेट अंकरूपानें जोडलेलें हवें आणि इकडची तार आंखूड व निर्मळ हवी. बोलण्याचा आवाज जावा एवढ्यासाठींच घातलेली ती तार. सेकंदास सुमारें तीनशेंपासून चौतीसशें कंपनांपर्यंतचेच स्वर तिच्यांतून जात. तेवढ्या अरुंद वाटेनें, खरखरींतून, त्याला सेकंदास चोवीस हजार बिट मिळत. पाऊस असला म्हणजे त्याहूनही कमी.

एके दिवशीं तो सांगलीस माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, एका बैलानं मोट ओढत न्हाई. दुसरा जोडूं का?"

त्यानें मला जें समजाविलें तें मी माझ्या भाषेंत सांगतों. आपल्या जुन्या पोथ्यांचीं पानें सुटीं असतात आणि प्रत्येकावर अंक घातलेला असतो. समजा, अशी एक पोथी दुसऱ्या गांवीं लवकर पोंचवावयाची आहे आणि गडी मिळतो तो एका वेळीं थोडींच पानें नेणारा. मग दोन गडी करावे, दोघांना दोन वाटांनीं धाडावें आणि पानें दोघांत वांटून द्यावीं. पलीकडे घेणारानें पानें आलीं तशीं न वाचतां अंक पाहून लावून घ्यावीं. मल्टिलिंक म्हणून जी युक्ति आहे ती हीच. दोन टेलिफोन, दोन मोडेम. संगणक मजकुराचे तुकडे करतो, तुकड्यांस अनुक्रमांक देतो आणि दोन्ही तारांवर सोडतो. पलीकडचा संगणक ते पुन्हां सांधतो. १९९६ सालीं हा नियम सुधारून प्रसिद्ध झाला होता आणि विंडोज ९८ मध्यें त्याची सोय आयती होती. अमेरिकेंत डायमंड मल्टिमीडिया नांवाच्या कंपनीनें त्याच सुमारास या युक्तीस 'शॉटगन' असें नांव देऊन मोडेम विकावयास काढले होते. दुनळी बंदूक! आम्हां मास्तरांस पोथी सुचते, त्यांना बंदूक.

या युक्तीच्या मर्यादाही आहेत. गडी दोन केल्यानें पोथी लवकर पुरी होते, पण पहिलें पान कांहीं लवकर पोंचत नाहीं. वाट आहे तेवढीच राहते. एक गडी लंगडा निघाला तर त्याच्या पानासाठीं दुसऱ्याचीं पानें तिष्ठत राहतात. तारा दोन म्हणजे भाडें दोन, बिलें दोन. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी कीं, पानें लावून घेणारा पलीकडे असला पाहिजे.

ही शेवटची गोष्ट त्यानें बोलतां बोलतां सांगितली होती. मीं ती ऐकली आणि सोडून दिली. मला तेव्हां हितोपदेशांतील गवताच्या दोराचा दाखला आठवला. गवताची काडी क्षुल्लक, पण दोर वळला म्हणजे त्यानें माजलेला हत्तीही बांधतां येतो. आणि संस्कृतांत दोरालाही गुणच म्हणतात. झालें! शिक्षकास श्लेष सांपडला कीं विवेक सुटतो. मीं त्याला तो श्लोक म्हणून दाखविला आणि सांगितलें, "अवश्य जोड."

त्यानें एक म्हैस विकली. हें मला कळलें तें पुढें कित्येक महिन्यांनीं, दुसऱ्याकडून.

दुसरी तार येईपर्यंत २००१ सालचा पावसाळा संपला. ज्या संध्याकाळीं दोन्ही मोडेम प्रथम लावले त्या संध्याकाळीं मी मुद्दाम गेलों होतों. पडवींत दहाबारा पोरें, कोपऱ्यांत त्याचे वडील तंबाखू मळीत बसलेले. पहिल्या मोडेमनें नेहमींची शीळ घातली, घरघरला, लागला. मग दुसरा. तोही शीळ घालून लागला, आणि क्षणांत तुटला. पुन्हां लावला, पुन्हां तुटला. इंटरनेट पुरविणाऱ्या त्या संस्थेचा नियम असा निघाला कीं एका नांवावर एका वेळीं एकच प्रवेश. बरें, म्हणून दुसरें नांव घेतलें. आतां दोन्ही तारा लागत, पण दोन परके वाटसरू जसे लागावे तशा. त्यांना एकत्र करण्याची सोय त्या संस्थेच्या यंत्रावर चालू केलेली नव्हती. इकडे पानें वांटणारा तयार. तिकडे लावून घेणारा कोणी नाहीं. वडील एकदां उठून आले, दोन्ही मोडेमांचे लुकलुकणारे दिवे पाहिले आणि कांहीं न बोलतां गोठ्याकडे गेले. ते बोलले असते तर मला बरें वाटलें असतें.

पुढें पत्रव्यवहार. अर्ज मीं लिहिले. मराठींत एक, इंग्रजींत तीन. मॅट्रिकच्या इंग्रजीला जेवढी नम्रता साधते तेवढी त्यांत घातली. उत्तर नाहीं. जवळजवळ आठ महिने दुसरी तार नुसती भाडें खात पडली. मग एके दिवशीं त्या संस्थेंतल्या कोणा भल्या तरुणानें फोन करून सांगितलें, "आज लावून बघा." त्यांनीं तिकडील यंत्र बदललें होतें. लावलें. पहिली तार चोवीस हजार, दुसरी एकवीस हजार सहाशें, आणि पडद्यावर प्रथमच बेरीज आली: पंचेचाळीस हजार सहाशें. माझ्या विद्यार्थ्यानें तो आंकडा खडूनें भिंतीवर लिहून ठेवला.

त्या वर्षीं बारावीचा निकाल पाहण्यास आसपासच्या तीन गांवांचीं पोरें जमलीं. दुपदरी तारेचा तेथें कांहींएक उपयोग झाला नाहीं. नांव, क्रमांक, आठ-दहा आंकडे. एवढ्याला एक तारही पुष्कळ झाली असती. खोळंबा तिकडेच होता. साऱ्या महाराष्ट्रांतले आईबाप एकाच दारावर उभे. मात्र चित्रें, नकाशे, छापील अर्ज हे आतां निम्म्या वेळांत उतरत. गांवांतल्या एका म्हाताऱ्या आजीचा नातू सैन्यांत होता. त्यानें आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र पाठविलें. पूर्वीं असें चित्र डोक्यापासून पायांपर्यंत ओळीओळीनें, पांच-सहा मिनिटें उमलत असे. या खेपेस तें तीन मिनिटांत आलें. आजी म्हणाली, "एवढी घाई कशापायीं? सावकाश येऊं दे की, मला बघूं दे." त्यानें दुसरी तार काढली आणि तें चित्र पुन्हां उतरविलें.

२००५च्या महापुरांत तारांच्या सांध्यांत पाणी शिरलें. एक तार मेली ती पुन्हां नीट झालीच नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं शहरांतून ब्रॉडबँड सुरू झालें होतें, सेकंदास दोन लक्ष छप्पन्न हजार बिटांचें. पण तेंही तांब्याच्या तारेनेंच एक्स्चेंजपासून कांहीं थोड्या मैलांपर्यंत पोंचणारें, म्हणून या गांवाच्या वांट्यास तें पुष्कळ उशिरा आलें. नदीपलीकडे निराळेंच घडलें. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनीं २००७च्या सुमारास त्या सत्तरांपैकीं सात गांवांत केंद्रांतील संगणक बाजूस ठेवून तीं ऊंसाचीं कामें मोबाइलच्या एस. एम. एस.वर करून पाहिलीं. तें स्वस्त पडलें आणि शेतकऱ्यांसही सोयीचें वाटलें. संगणकांचा उपयोग बहुतेक त्या ऊंसाच्या नोंदींपुरताच होत होता, आणि 'तुमच्या ऊंसाचें वजन इतकें' या वाक्यास अक्षरें तीं किती! तोडीच्या चिठ्ठीला एक काडी पुरते, दोर लागत नाहीं. हें मला आज सुचतें. २००१ सालीं सुचावयास हवें होतें, असें माझें मन मला वीस वर्षें सांगत आलें.

वारणानगरहून दुपारच्या गाडीनें नदी पुन्हां ओलांडली. वारणेचें पात्र या दिवसांत लहान, पाणी संथ, दोहों कांठांस पंपांची घरघर. गांवांत शिरतांना रस्त्याकडेला एका खांबाचा ठोंब दिसला. तारा केव्हांच गेलेल्या. पडवी मात्र तीच. तेथें आतां दूध-संकलन चालतें. दूध ओतलें कीं वजन आणि फॅट यंत्रावर उमटतें आणि क्षणांत गवळ्याच्या मोबाइलवर जातें. माझा विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकला आहे; कानशिलें पिकलीं. त्यानें वांकून नमस्कार केला आणि गणपतीच्या तसबिरीखालील फळी दाखविली. दोन्ही मोडेम तेथें होते, धूळ पुसलेले. भिंतीला पुढें रंग दिला तेव्हां खडूचा आंकडा गेला, असें तो म्हणाला.

वडील वारले. आई आहेत, ऐशींच्या पुढें, पण कान तिखट. चहा झाल्यावर मीं धीर करून विषय काढला. म्हटलें, "आई, माझ्या सांगण्यावरून तुमची दुभती म्हैस गेली. याची रुखरुख मला फार आहे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "दुभती कुठली, मास्तर? आटली होती ती. आबा तिला विकायला गिऱ्हाईकच बघत होते."

माझा विद्यार्थी दाराशीं उभा राहून हंसत होता. "गुरुजी, तुम्हांला हे कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

परतीची गाडी साडेपांचाची होती. आईंनीं निघतांना एका डब्यांत खरवस बांधून दिला. गुळाचा आहे, साखरेचा नव्हे, असें त्यांनीं दोनदां बजावलें, आणि तो मीं आष्टा येण्यापूर्वींच संपविला.