नाकाचा वाटा

माणूस ऋण मानतो ते आईबापाचं, गुरुजींचं, फार तर अडल्यानडल्याला पैसे देणाऱ्या सोयऱ्याचं. बिअर कशी प्यावी आणि दुसऱ्या दिवशी कसं उठावं हे शिकवणाऱ्याचं ऋण कोणी चारचौघांत सांगत नाही. पण नांदगाव खंडेश्वरच्या एका ओसरीचं मी जे देणं लागतो ते याच खात्यावरचं आहे. ओसरीचा मालक आता नाही, मालकीण आहे, आणि तिला दारूचा वासही सहन होत नाही. म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

कंपाउंडर काका आमच्या गल्लीतले. फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. पेन्शनीवर आल्यावर गावातल्या एका डॉक्टरांकडे औषधं बांधून द्यायला बसू लागले आणि गावाने त्यांना कंपाउंडर करून टाकलं. शनिवारी संध्याकाळी ते एक बिअर घेत. एकच, आणि तीही माइल्ड. पिण्याचा परवाना त्यांनी रीतसर काढला होता आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीतच तो ठेवला होता. महाराष्ट्रात दारू प्यायला कागद लागतो हे गावातल्या निम्म्या पिणाऱ्यांना त्या पिशवीमुळे कळलं, आणि कळूनही कोणी काढला नाही.

आमच्या गावात तेव्हा बिअर म्हणजे स्ट्राँग. दुसरी असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. अमरावती–यवतमाळ रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये माइल्ड मागितली तर पोऱ्या आपल्याला पाहुणा समजायचा. हिशोब सरळ होता, तेवढ्याच पैशात जास्त चढली पाहिजे. बाटली तोंडाला लावायची आणि गरम व्हायच्या आत संपवायची. चव हा विषयच नव्हता. लग्नसराईत तर विचारूच नका. धामणगावच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की पुलगाव, आणि तिथून गांधीजींचा जिल्हा लागतो. तिथे १९७४पासून दारूबंदी. त्या बाजूची वरात आमच्याकडे आली की सालभराचा अनुशेष एका रात्रीत भरून काढायची, आणि यजमान म्हणून आमची पोरं मागे राहायची नाहीत.

मी अमरावतीला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. शनिवारी काकांच्या ओसरीवर टेकलो होतो. त्यांनी आधी वय विचारलं. बिअरला एकवीस, बाकीच्या दारूला पंचवीस, हा कायदा त्यांना पाठ होता. एकवीस पुरी झाल्याची खात्री पटली तेव्हा आतून दुसरा काचेचा ग्लास आणला. तो ग्लास धुणं हा एक विधीच होता. साबण नाही. चिमूटभर खायचा सोडा, कोमट पाणी, मग साध्या पाण्याने दोनदा खंगाळून उपडा ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो. मी बाटलीकडे हात नेला तसे ते म्हणाले,

“अबे, बाटलीनं कायले पेतं? गिलासात ओत. नाकालेबी त्याचा वाटा दे.”

ग्लास तिरपा धरून कडेने ओतायची, अर्ध्यावर आल्यावर उभा करायचा, वर दोन बोटं फेस येऊ द्यायचा. फेस म्हणजे फसवणूक असं आम्ही समजत होतो, दुकानदाराने माप मारल्यासारखं. काकांचं म्हणणं असं की फेस बाहेर आला नाही तर तो पोटात होतो, आणि वास घ्यायचा तर तो फेसातूनच येतो. पहिल्यांदाच मी बिअर हुंगली. ओल्या जवाचा वास आला, मागे थोडा हिरवट कडसर. तो हॉप्सचा, हे कळायला पुढे काही वर्षं जावी लागली.

काकांना हे कुठून आलं? कसौलीच्या लष्करी इस्पितळात त्यांची बदली झाली होती. डायर नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात तिथे काढलेली ब्रुअरी पुढे खाली सोलनला गेली. कालका–शिमला छोट्या गाडीच्या मार्गावर ‘सोलन ब्रुअरी’ नावाचं स्टेशनच आहे. काका सांगत, गाडी त्या स्टेशनाजवळ आली की डब्यात भिजल्या धान्याचा वास भरायचा आणि सगळी पलटण एकदम शहाण्यासारखी गप्प बसायची. तिथल्या कोणा सुभेदाराने त्यांना ग्लास धुवायला शिकवलं. म्हणजे मुळात हे देणं हिमाचलापर्यंत जातं, पण मी ते नांदगावातच फेडतो आहे.

शिकवणीचा दुसरा भाग रविवारी सकाळी भरायचा. वऱ्हाडातला मे महिना, पारा पंचेचाळिसाकडे, आणि आदल्या रात्री वरात. सकाळी नऊपर्यंत काकांच्या ओसरीवर दोन-तीन तरी डोकं धरून बसलेले असायचे. त्यांतला कधीमधी मीही. काका उपदेश करत नसत. चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूवर गणित मांडत. ६५० मिलिलिटरची बाटली, आठ टक्के, म्हणजे ५२ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. वजनात सुमारे ४१ ग्रॅम. साठ मिलिलिटरचा लार्ज पेग, व्हिस्की ४२.८ टक्के, म्हणजे वीस ग्रॅम.

“म्हंजे एक बाटली म्हंजे दोन लार्ज झाले न बे. तीन बाटल्या पेल्या तुमी. अन् म्हणता, बिअरच तं होती.”

यकृत तासाला सात-आठ ग्रॅम निपटतं. तीन बाटल्यांचा निपटारा व्हायला पंधरा ते साडेसतरा तास. रात्री अकराला संपवली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवणही त्याच खात्यात. डोकं सगळ्यात जास्त दुखतं ते रक्तातली दारू संपत आली की, म्हणून सकाळी ‘उतारा’ म्हणून पुन्हा एक मारणारे फक्त हप्ता पुढे ढकलतात, हेही त्यांनीच सांगितलं. पॅरासिटामॉल ते देत नसत. दारूने दमलेल्या यकृतावर आणखी ओझं नको. अॅस्पिरिनही नाही, पोट आधीच सोललेलं असतं. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट, सावलीत पडायचं, आणि मग काकू आंबील आणायच्या.

आंबिलीपाशी मला जरा थांबायचं आहे. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं. उन्हाळ्यात सकाळपर्यंत ते फुगून आंबट होतं. मग पाण्यात सोडून, गाठी मोडत, मंद आचेवर शिजवायचं. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. वाडग्यातून कोमट प्यायची. पोटात गेली की घाम सुटतो आणि पाच मिनिटांनी माणूस आजूबाजूला बघायला लागतो. पाणी, मीठ, पिष्ट, तिन्ही एकदम मिळतं. दारूने लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाचा लगाम सुटतो, रात्रभर पाणी जात राहतं, झोप लागते पण मुरत नाही. त्यावर यापेक्षा शहाणी वस्तू मला अजून भेटलेली नाही.

मात्र आंबील रात्री भिजवावी लागते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. म्हणजे सकाळी आम्ही येणार हे काकूंना आदल्या रात्रीच ठाऊक असायचं. गल्लीच्या तोंडाशी बँड वाजला की त्या पिठाचा डबा काढत. एकदा विचारलं तर म्हणाल्या, “बँड वाजला म्हंजे समजते बापा मले. पेणारे पेतात, अन् आमी पीठ भिजवतो.”

काकू दारूबंदीच्या बाजूच्या. त्यांचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. काका म्हणत, बंदीच्या जिल्ह्यात माप जातं. तिथे दारू मिळतेच, फक्त ती काय आहे, किती आहे, हे कोणी बघत नाही. काकू म्हणत, माप पुरुषांना कधी कळलं? हे भांडण त्यांच्या अख्ख्या संसारात मिटलं नाही. माझा स्वभाव काकांच्या बाजूचा. मोजून पिणारा माणूस मी पाहिला आहे, तो त्या ओसरीवरच बसायचा. पण गल्लीत मोजून पिणारा तेवढा एकच होता, हा काकूंचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही असं सांगितलं, तेव्हा काका नव्हते. असते तर काकूंनी ते कात्रण त्यांच्या परवान्याच्या पिशवीत टाकलं असतं.

पुढे मी नोकरीसाठी पुण्यात आलो. २००९ मध्ये तिथे डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, आणि माझ्यासमोर गव्हाची गढूळ बिअर आली. सवयीने आधी हुंगली. केळं आणि लवंग! दोन्ही त्यात घातलेलं नसतं. जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्टच ते दोन वास तयार करतं. त्याच रात्री काकांना फोन लावला.

“केयाचा वास? नासली असन बे ते.”

मग दर नव्या प्रकाराला फोन ठरलेला. पिल्सनर सांगितली, १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सनला पहिल्यांदा निघालेली ती पिवळीधम्म चकचकीत लागर, आणि आपली बाटलीतली बिअर तिचीच दूरची पुतणी. यीस्ट तळाशी, थंडीत, आठवडेच्या आठवडे. काकांना ते पटलं, सोलनच्या थंडीचा त्यात संबंध लागला. आयपीएचा कडूपणा ऐकून घेतला. स्टाउटची बाटली मी नांदगावला घेऊनच गेलो. भाजलेल्या जवाची, काळी, कॉफीच्या वासाची. काकांनी ग्लास उजेडात धरला, नाकाला वाटा दिला, घोट घेतला आणि म्हणाले, “हा काढा हाये. खोकला झाल्यावर देजो.”

पण बेल्जियन विटबिअरने ते खरंच चकित झाले. तिच्यात धने आणि वाळवलेलं संत्र्याचं साल घालतात. ही जात जवळपास बुडालीच होती. हूगार्डन गावातली शेवटची ब्रुअरी बंद पडली. पिएर सेलिस नावाचा दूधवाला पोरवयात शेजारच्या ब्रुअरीत हाताखाली राबला होता. त्याने १९६० च्या दशकात आठवणीवर ती पुन्हा उभी केली. काकांनी दोनदा विचारून घेतलं, धनेच ना? संत्र्याचंच ना?

“मंग लेका, ते वऱ्हाडात काहून नाही करत कोणी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

आणखी एक फोन आठवतो. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये संशोधकांनी हँगओव्हरवरच्या उपायांच्या चाचण्या तपासल्या होत्या, आणि एकाही उपायाचा भक्कम पुरावा सापडला नव्हता. खात्रीचा मार्ग एकच, कमी प्या. हे मी काकांना वाचून दाखवलं. मागून काकूंचा आवाज आला, “आंबील तपासली का म्हणा त्याईनं?” नव्हती तपासली. “मंग कायचे सायंटिस्ट!”

काका गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा काकूंनी मला एक पिशवी दिली. वावरातले धने, निवडून पाखडलेले. आणि संत्र्याची सालं, आतलं पांढरं खरवडून, गच्चीवर कडकडीत वाळवलेली. आयुष्यभर बाटलीला हात न लावलेल्या बाईने बिअरसाठी सालं सोलली होती. “तुया त्या कारखान्यात दे. त्याईले लय वाटे की आपल्या संत्र्याची झाली पाह्यजे.”

पुण्यात ओळखीच्या एका ब्रुअरने धने चावून पाहिले, खूश झाला. सालं मात्र हुंगून परत दिली. विटबिअरच्या जुन्या कृतीत कडू संत्र्याचं साल लागतं, आपलं संत्रं गोड, ते कुठच्या कुठे विरून जाईल, म्हणाला. मी काकूंना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत.

“कडूच पाह्यजे तं दारात कडुनिंब हाये. किती पाठवू?”