जावावाल्याने आता काय शिकावं?

पनवेल-ठाणे लोकलने ऐरोलीला जाणाऱ्या आयटीवाल्यांत सध्या एकच विषय: पुढची भाषा कुठली? माझा मित्र पंधरा वर्षं जावा लिहितोय. क्लासवाले त्याला घाबरवतात, पायथन शिका नाहीतर नोकरी गेली! मी कोड लिहीत नाही, पण भीती विकणारी जाहिरात ओळखतो. अहो, १९५९ सालचं कोबोल अजून मेलं नाही. २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोलवाल्यांना जाहीर साद घातली होती. जावा काय लगेच बुडतंय?

मित्राने रस्ट घेतलं. जावा मेमरीतला कचरा आपोआप उचलते. रस्टमध्ये कुठला डेटा कोणाच्या मालकीचा, हे आधीच ठरवावं लागतं. डोकं पार नव्याने चालवावं लागतं म्हणे. मला ही निवड पटली. अधिकृत पुस्तक नेटवर फुकट आहे. क्लासची फी कळंबोलीच्या फ्लॅटच्या हप्त्यात गेली.