म्हैसूर : बंद दारांआडच्या प्रेमकथा

म्हैसूर म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? दिव्यांनी उजळलेला राजवाडा, दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, चंदनाचा साबण, तोंडात विरघळणारा म्हैसूरपाक आणि चामुंडीच्या टेकडीवरचा प्रचंड नंदी! सहलीच्या बसमधून उतरणारा प्रवासी एवढे पाहतो, रेशमी साड्यांच्या दुकानात तास घालवतो आणि संध्याकाळी वृंदावन गार्डनचे कारंजे गाठतो. पण ज्यांच्या उशाशी रात्री एखादी कादंबरी असते, त्यांच्यासाठी या शहरात आणखी एक म्हैसूर आहे. ते पाहायला तिकीट लागत नाही, थोडी पायपीट मात्र करावी लागते.

हे म्हैसूर पुस्तकांचे आहे. त्यातही, रोगराईमुळे दारे बंद झाली तेव्हा त्या दारांआड माणसे एकमेकांवर कशी माया करत होती, हे सांगणाऱ्या पुस्तकांचे.

कोरोनाची आठवण आता कुणाला नकोशी वाटते. तरीही एक गंमत पाहा. त्या टाळेबंदीच्या दिवसांत घडणाऱ्या प्रेमकथा आजही लिहिल्या जातात आणि आवडीने वाचल्या जातात. समोरच्या गॅलरीतला तरुण, मास्कमुळे फक्त डोळेच दिसलेली तरुणी, लग्न ठरले आणि दुसऱ्याच दिवशी गाड्या बंद झाल्या असे वाग्दत्त जोडपे, घटस्फोटाचे कागद तयार असताना एकाच घरात अडकलेले नवरा-बायको! बेंगळुरूच्या ‘प्रतिलिपी’सारख्या मोबाइलवरच्या वाचनमंचावर कन्नडप्रमाणे मराठीतही अशा गोष्टी वाचायला मिळतात. ज्या दिवसांनी इतके छळले, तेच दिवस पुन्हा कथेत का वाचायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला म्हैसूरइतके सोयीचे शहर दुसरे नाही.

साथीने रुंद केलेले रस्ते

म्हैसूरचे जुने भाग पायी फिरताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. रस्ते रुंद आहेत, घरांना अंगण आहे आणि घरांच्या मागच्या बाजूने अरुंद बोळ गेलेले आहेत. हे बोळ सफाई कामगारांना ये-जा करता यावी म्हणून ठेवलेले. ही आखणी नुसत्या हौसेची नाही, तिच्यामागे साथ आहे. १८९८ मध्ये म्हैसूर संस्थानात प्लेग शिरला. दाटीवाटीच्या गल्ल्या, कोंदट घरे, उंदीर आणि माणसे एकाच छपराखाली! लोकांना घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहावे लागले. या धक्क्यातून संस्थानने धडा घेतला आणि १९०३ मध्ये म्हैसूर शहरासाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड’ स्थापन केले. देशातल्या अशा अगदी पहिल्या मंडळांपैकी हे एक. जुन्या वस्तीबाहेर हवेशीर नव्या वसाहती आखल्या गेल्या. आज पर्यटक ज्या मोकळ्या, झाडांच्या सावलीतल्या म्हैसूरचे कौतुक करतात, त्याला प्लेगचाही हातभार आहे.

मराठी वाचकांना हा कन्नड मुलखातला प्लेग अनोळखी नाही. डॉ. एस. एल. भैरप्पा यांची ‘पर्व’, ‘वंशवृक्ष’ ही पुस्तके उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे आपल्या घराघरांत पोहोचली आहेत. भैरप्पांचे आयुष्य बहुतांश म्हैसुरातच गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या ‘गृहभंग’ या कादंबरीत प्लेग येतो, गाव ओस पडते, माणसे रानात छपरे बांधून राहतात आणि एका आईच्या पदराखालची लेकरे हिरावली जातात. हे त्यांनी कल्पनेने लिहिलेले नाही, त्यांच्या स्वतःच्या घरातली भावंडे आणि आई प्लेगने गेली होती. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकलेल्या यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’मध्येही प्लेगच आहे. एक प्रेत दिवसेंदिवस पडून राहते, अग्रहारातले लोक अन्नपाण्यावाचून अडकतात आणि त्याच कोंडीत एक विद्वान ब्राह्मण आणि मृताची प्रेयसी चंद्री एकमेकांसमोर येतात.

या दोन्ही कादंबऱ्यांना प्रेमकथा म्हणणे धाडसाचे होईल. प्रेमकथा हवी असेल, तर रेल्वे स्टेशनाजवळच्या यादवगिरीकडे वळावे लागते.

आठ खिडक्यांची खोली

यादवगिरीत विवेकानंद रोडवर एक पांढरे, दुमजली, पुढे गोलाकार भाग काढलेले घर आहे. हे आर. के. नारायण यांचे. दूरदर्शनवर शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ ही मालिका लागायची तेव्हा घरातली सगळी कामे बाजूला ठेवून बसलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. त्या मालिकेची रेखाचित्रे काढणारे आर. के. लक्ष्मण हे नारायण यांचे धाकटे भाऊ. त्यांचा ‘कॉमन मॅन’ तर मुंबई-पुण्याच्या माणसाला घरच्यासारखाच.

हे घर २०११ मध्ये पाडले जाणार होते. पाडकाम सुरूही झाले होते! नागरिक आणि लेखक मंडळींनी आवाज उठवला, काम थांबले, पालिकेने घर विकत घेऊन दुरुस्त केले आणि २०१६ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले. वरच्या मजल्यावर नारायण यांची लिहिण्याची खोली आहे. तिला आठ खिडक्या आहेत. चारी दिशांचा देखावा दिसावा म्हणून त्यांनी ती हौसेने बांधून घेतली, पण चामुंडीची टेकडी, देवळांचे कळस, जाणाऱ्या आगगाड्या पाहण्यातच वेळ जाऊ लागला. शेवटी त्यांनी खिडक्यांवर भलामोठा पडदा ओढून घेतला, तेव्हा कुठे लेखन पुढे सरकले. सक्तीच्या टाळेबंदीला वैतागलेल्यांनी ही आपखुशीची टाळेबंदी जरूर आठवावी.

पण ज्या कादंबरीसाठी इथे यायचे, ती या घरात लिहिलेली नाही. ती त्याआधीची आहे. ‘द इंग्लिश टीचर’ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची अर्पणपत्रिका पत्नी राजम यांच्या नावे आहे.

नारायण आणि राजम यांची गोष्ट एखाद्या चित्रपटात शोभावी अशी आहे. १९३३ मध्ये कोइमतूरला बहिणीकडे गेले असताना त्यांनी रस्त्यावरच्या नळावर पाणी भरणारी एक मुलगी पाहिली. तिच्याशी बोलण्याची सोय नव्हती, मग या गृहस्थाने थेट तिच्या वडिलांशी ओळख वाढवली आणि एके दिवशी मागणीच घातली! पत्रिका जुळेना, मंगळ आड आला. तरी लग्न झाले. पाचच वर्षांत, १९३९ मध्ये, राजम टायफॉइडने गेल्या. मुलगी हेमा तेव्हा तीन वर्षांची होती. नारायण यांनी पुन्हा लग्न केले नाही.

कादंबरीत कृष्णन हा कॉलेजातला मास्तर, सुशीला त्याची बायको आणि लीला त्यांची मुलगी. पहिला निम्मा भाग वाचताना चेहऱ्यावर हसू असते. महिन्याच्या खर्चावरून होणारे रुसवेफुगवे, जुने घड्याळ विकल्यावरून झालेले भांडण, वाण्याची यादी! मग एके दिवशी दोघे नवे घर पाहायला जातात. परसातल्या गलिच्छ संडासाचे दार अडकते आणि सुशीला आत कोंडली जाते. बाहेर येते ती ओकारी येत असल्यासारखी, एक माशी तिच्या ओठांवर बसलेली असते. मग ताप येतो. आधी डॉक्टर मलेरिया म्हणतात, पुढे कळते की टायफॉइड आहे.

आजच्या वाचकाला यातली असहायता समजावी म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. टायफॉइडवर गुणकारी ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ मध्ये वापरात आले. त्याआधी करायचे काय? ताप मोजायचा, कागदावर नोंदायचा, कपाळावर गार पट्ट्या ठेवायच्या आणि तीन-तीन आठवडे वाट पाहायची. कृष्णन तेच करतो. खोलीतले जादा सामान हलवले जाते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बंदी होते, लेकीला आईपासून दूर ठेवले जाते. मालगुडीतल्या त्या एका खोलीत जे घडते, ते २०२० आणि २०२१ मध्ये आपल्याकडे किती घरांत घडले! सुशीला गेल्यावर तिच्या खोलीचे दार लावून घेतलेले असते आणि लीला वारंवार विचारते की ते दार बंद का. आई आंघोळ करते आहे, असे काहीतरी सांगून बाप वेळ मारून नेतो. सगळ्या कादंबरीत यापेक्षा अवघड जागा नाही.

उत्तरार्धात कृष्णन एका माध्यमाच्या मदतीने मृत पत्नीशी संवाद साधू लागतो. हा भाग अनेकांना पटत नाही आणि खरे सांगायचे तर पहिल्या भागापुढे तो फिका आहे. पण निरोप न घेता गेलेल्या माणसाशी एकदा तरी बोलता यावे, ही तहान ज्यांनी अनुभवली आहे, ते या पानांना हसणार नाहीत.

नायक, नायिका आणि क्वारंटाइन

ही कादंबरी वाचून आजच्या लॉकडाऊन प्रेमकथांकडे वळले की फरक डोळ्यांत भरतो. पुष्कळशा लेखकांनी टाळेबंदीचा उपयोग पावसासारखा केला आहे. पूर्वी हिंदी चित्रपटात धो-धो पाऊस पडायचा आणि नायक-नायिका एका झोपडीत अडकायचे. आता पावसाच्या जागी विषाणू आला, झोपडीच्या जागी टू-बीएचके! अशा कथा वाचायला मजा येते, दुपार बरी जाते, त्यात वाईट काही नाही. पण दाराबाहेर काय चालले आहे याचा पत्ता त्यांत क्वचितच लागतो.

बाहेर काय चालले होते? मार्च २०२०च्या अखेरीस म्हैसूरजवळच्या नंजनगूडला एका औषध कारखान्यातला कामगार बाधित निघाला आणि काही आठवड्यांत तिथल्या बाधितांचा आकडा सत्तरीपलीकडे गेला. कामगारांची कुटुंबेच्या कुटुंबे विलगीकरणात गेली. त्या वर्षीचा दसरा असा झाला की जुन्या म्हैसूरकरांनाही तसा आठवत नसेल. २६ ऑक्टोबर २०२० रोजी अभिमन्यू हत्तीने साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी प्रथमच पाठीवर घेतली, पण मिरवणूक राजवाड्याच्या आवारातच थांबली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव मिरवणारा सयाजीराव रोड, जिथे दरवर्षी छपरांवरही माणसे बसतात, त्या दिवशी हत्तींविना राहिला.

याच शहरात पुस्तकांवरच्या प्रेमाचीही एक गोष्ट घडली. राजीवनगरात हातावर पोट असलेल्या एका गृहस्थाने पदरमोड करून शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी वाचनालय चालवले होते. त्याला स्वतःला शाळा शिकता आली नव्हती. साथीची दुसरी लाट चढत असताना, ९ एप्रिल २०२१ च्या पहाटे ते आगीत जळाले. सुमारे ११ हजार पुस्तकांची राख झाली. बातमी पसरताच देशभरातून पैसे आणि पुस्तके येऊ लागली. माणसे घरात कोंडलेली होती, कामधंदे बसले होते, तरी अनोळखी शहरातल्या अनोळखी वाचकांसाठी लोकांनी हात सैल सोडला.

टाळेबंदीतल्या प्रेमकथांत ज्या मनात राहतात, त्यांत अशी दाराबाहेरची माणसे असतात. अमेरिकन लेखिका अ‍ॅन पॅचेट यांच्या ‘टॉम लेक’मध्ये (२०२३) चेरीच्या बागेत मजूर येऊ शकत नाहीत म्हणून तीन मुली आईबरोबर फळे तोडतात आणि आई त्यांना आपल्या तरुणपणीच्या प्रेमाची हकीकत सांगते. एलिझाबेथ स्ट्राउट यांच्या ‘लूसी बाय द सी’मध्ये (२०२२) घटस्फोटित नवरा आपल्या पहिल्या बायकोला न्यूयॉर्कमधून उचलून समुद्रकाठच्या घरी नेतो, तिचा जीव वाचावा म्हणून. दोन्हींत चुंबने थोडी आणि स्वयंपाक, भांडी, काळजी जास्त.

म्हैसूरच्या चामराजपुरम भागात राहणाऱ्या त्रिवेणी यांना हे साठ वर्षांपूर्वीच उमगले होते. १९२८ ते १९६३ एवढेच आयुष्य, पण कन्नड गृहिणींची ती लाडकी कादंबरीकार. त्यांच्या ‘शरपंजर’मधली कावेरी मनाच्या आजारातून बरी होऊन घरी परतते, पण घरचे तिच्याकडे संशयाने पाहतात, नवरा अंतर राखतो. साथ नाही, सरकारी हुकूम नाही, तरी स्वतःच्याच घरात ती विलगीकरणात आहे! पुट्टण्णा कणगाल यांनी त्यावर काढलेला १९७१चा चित्रपट कर्नाटकात आजही आवर्जून पाहिला जातो.

जाणार असाल तर

पंढरपूर-सोलापूरकडच्या मंडळींना गोलगुंबज एक्सप्रेस थेट म्हैसूरला नेते. मुंबईकरांसाठी दादरहून शरावती एक्सप्रेस आहे, मात्र ती आठवड्यातून एकदाच. बेंगळुरूपर्यंत विमानाने वा रेल्वेने गेल्यास २०२३ मध्ये खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गाने पुढचा प्रवास झटपट होतो. यादवगिरीतले नारायण यांचे घर स्टेशनापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे, निघण्यापूर्वी त्या दिवशी ते उघडे आहे ना याची चौकशी करावी. सकाळी तिथे जावे, दुपारी चामराजपुरमच्या जुन्या घरांमागचे ते सफाईचे बोळ पाहावेत. रविवार असेल तर संध्याकाळी राजवाड्यासमोर थांबावे, सुमारे एक लाख दिवे एकदम लागतात. ‘द इंग्लिश टीचर’ पिशवीत असू द्या, पण घर पाहण्याआधी निदान लीलाच्या त्या प्रश्नापर्यंत वाचून झालेले असावे. संग्रहालयातल्या खोल्यांची दारे दिवसभर उघडी असतात.