इथे सगळे चालतात
'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या 'आर्जंट डॉन' या रोलप्ले सर्व्हरवर पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझं पात्र होतं अस्खलित बोलणारा पॅलाडिन. त्याची तीन पानी पूर्वकथा लिहून तयार होती. स्टॉर्मविंडच्या खानावळीत ती कुणी विचारलीच नाही. उलट एकानं दुहेरी कंसात, म्हणजे पात्राबाहेर येऊन, सांगितलं, ''आधी धावणं थांबव. इथे सगळे चालतात.''

नमपॅडवरची तिरकी रेघ दाबली की पात्र चालू लागतं. मग आजूबाजूची माणसं दिसतात, थांबावंसं वाटतं.

पॅलाडिन सोडून मी दुसरं पात्र केलं. रात्रीचा पहारेकरी, माझ्यासारखाच बोलताना अडखळणारा. पूर्वकथा एका ओळीची. 'स्लॅश ई' देऊन इंग्रजीत टाइप केलं, 'तो शब्द शोधत पेल्याकडे बघत राहतो.' समोर एक ड्वार्फ लोहार होता. त्यानं लिहिलं, 'लोहार खुर्ची ओढून बसतो. त्याला घाई नाही.'

ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझी वाक्यं बहुतेकदा दुसरंच कुणीतरी पूर्ण करतं. चांगल्या मनानंच करतात, तरी ती माझी राहत नाहीत.

पहारेकऱ्यानं त्या रात्री जेमतेम चार वाक्यं बोलली. चारही त्यानंच पूर्ण केली.