रूळ आणि कौलं

खानापूरच्या बाजूला बंद पडलेला एक कौलांचा कारखाना आहे. आधी धुराडं दिसतं, मग घाणेरीचं रान लागतं आणि रानात शिरलं की पायाला रूळ अडखळतात. मातीचे डबे ढकलत न्यायचे हे अरुंद रूळ. मध्येच उखडलेले, भंगारात गेलेले. उरलेत तेवढे मात्र अजून सरळ माती मळायच्या यंत्रापाशी जातात. यंत्राच्या पोटात उंबर उगवलाय. कौलांच्याच कारखान्याला कौलं नाहीत. कुणीतरी रिपांसकट उतरवून नेलीत. एका कोपऱ्यात छप्पर शाबूत आहे, तिथल्या मांडणीवर भट्टीचं तोंड न पाहिलेलं एक कच्चं कौल पडलंय. कडेला उचलणाऱ्या बोटांचे ठसे. मी हात लावला नाही.

कौलाची ही घडण मूळ मंगळूरची. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टनं तिथं पहिला कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचं चपटं कौल साच्यात दाबून काढायचं, सावलीत सुकवायचं, मग भाजायचं. आमच्याकडच्या नळीच्या कौलांपेक्षा ते कमी लागायचं आणि वानरं नाचून गेली तरी जागा सोडायचं नाही, हा मोठाच गुण! खानापूरला नदीकाठची माती होती, जंगलातलं सरपण होतं आणि १८९०च्या सुमारास पुण्यापर्यंत पोचलेली सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज होती. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज धावते; माल गेला, रूळ रुंदावले.

आमच्या गडहिंग्लजला रेल्वे कधी आलीच नाही. तरी गावातल्या जुन्या गल्ल्यांवर अशीच कौलं चढली, ती बैलगाडीनं आणि पुढं ट्रकनं. मे महिन्यात शाकारणी असायची. घरातलं हलकं पोर वर जायचं, ते बहुधा मीच. एकेक कौल काढून शेवाळ खरवडायचं, फुटकं खाली द्यायचं. पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असे. आढ्यावर उन्हात बसून ती इंग्रजी अक्षरं मी जुळवून वाचायचो. हिरण्यकेशी नदीकडून वारा यायचा आणि खालून आजीची हाक, "अरं, खापर पाडशील डोक्यावर!"

कारखाने का बुडाले? माती महागली, सरपण संपलं, कामगार पांगले, हे सगळं खरं. पण कौलाची दरवर्षी काळजी घ्यावी लागते आणि ती आम्हाला नकोशी झाली, हे त्याहून खरं. मग स्लॅब आला. तो गळायला लागला तेव्हा त्यावर पत्र्याचं शेड आलं. उन्हाळ्यात त्याखाली कोण बसतं, ते सांगा!

जुनं घर पाडायला काढलं असेल, तर कौलं भरावात टाकू नका. धड कौलाला आजही गिऱ्हाईक आहे. शेतघरं बांधणारे शोधत येतात. फक्त देण्याआधी एकदा पाठ पुसून नाव वाचा.