मुक्काम पोस्ट कोणते?

व्यापारी घरातील माणसाला कागदाचे भय नसते. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्या सहवासात ज्याचे आयुष्य गेले, त्याला आणखी चार अर्ज भरणे जड जाऊ नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु पासष्टी उलटल्यावर मुलाकडे परदेशी राहावयास गेलेल्या कित्येक वडीलधाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. अर्जांची संख्या त्यांना फारशी थकवीत नाही. एकाच साध्या प्रश्नाची तीन ठिकाणी तीन उत्तरे द्यावी लागतात, याने ते थकतात. तो प्रश्न म्हणजे, ‘तुम्ही राहता कुठे?’

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे अडत केलेल्या अण्णांना हा प्रश्न एकोणसत्तराव्या वर्षी भेटला. पत्नी गेल्यावर मोठ्या घरात ते एकटेच उरले होते. मुलगा न्यू जर्सीतील एडिसन येथे अमेरिकी नागरिक म्हणून स्थायिक झालेला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाला आईवडिलांसाठी स्थायी वास्तव्याचा अर्ज करता येतो आणि या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नसते. भावंडांच्या अर्जासारखे वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागत नाही. मुलाने अर्ज केला, वडिलांच्या उदरनिर्वाहाचे हमीपत्र दिले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अण्णा एडिसनला पोहोचले. काही आठवड्यांत ग्रीन कार्ड टपालाने घरी आले.

निघताना त्यांनी व्यापाऱ्याच्या शिस्तीने सारी निरवानिरव केली होती. पेढी पुतण्याच्या हवाली केली. मात्र पेढीच्या खात्यावरील आपला सहीचा अधिकार तसाच ठेवला. कपाटात एक जाड लिफाफा होता. त्यात सह्या केलेले काही धनादेश आणि बँकेत द्यावयाचा ‘१५-एच’ अर्ज होता. वयाची साठ वर्षे झाल्यापासून दर एप्रिलमध्ये ते हा अर्ज देत आले होते, म्हणजे ठेवीच्या व्याजातून करकपात होत नसे. २०२२ च्या एप्रिलमध्येही पुतण्याने तो इमानाने शाखेत नेऊन दिला. त्या अर्जात ‘मी भारतातील निवासी आहे’ असे कथन असते, ते कोणाच्याच ध्यानी आले नाही.

येथेच मुक्कामाचा गुंता सुरू होतो. परकीय चलनाच्या कायद्याला, म्हणजे फेमाला, माणसाचा हेतू महत्त्वाचा वाटतो. जो अनिश्चित काळासाठी परदेशी राहावयास गेला, तो निघाल्या दिवसापासून अनिवासी. त्याचे साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. आयकर कायदा हेतू विचारीत नाही, तो दिवस मोजतो. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस हा त्याचा मुख्य मापदंड, आणि त्याला पोटनियमांची जोड. अमेरिकेचा करकायदा ग्रीन कार्डधारकाच्या बाबतीत दिवसही मोजत नाही आणि हेतूही पाहत नाही. कार्ड घेऊन पाऊल ठेवले त्या दिवसापासून ते रीतसर परत करीपर्यंत तो माणूस अमेरिकेचा करनिवासी, आणि जगभरातील उत्पन्न त्याच्या विवरणपत्रात आले पाहिजे. त्यामुळे २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अण्णा फेमाच्या दृष्टीने अनिवासी होते, भारताच्या आयकरासाठी निवासी होते आणि अमेरिकेच्या करासाठीही निवासी होते. माणूस एक, मुक्काम तीन.

हे सारे उघड झाले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. मुलाच्या विवरणपत्राच्या निमित्ताने घरी आलेल्या लेखापालाने अण्णांनाही भारतातील खात्यांची यादी मागितली. अण्णा म्हणाले, “तीन-चार असतील.” लिहावयास बसले तेव्हा अकरा निघाली. बचत खाती दोन, ठेवींची चार, भविष्य निर्वाह निधीचे एक. शिवाय विधवा बहिणीच्या सोयीसाठी तिच्यासोबत उघडलेले एकत्र खाते, अविभक्त कुटुंबाचे खाते, पेढीचे चालू खाते आणि ज्या पाठशाळेचे ते कोषाध्यक्ष होते तिचे खाते. शेवटच्या दोन नावांपाशी अण्णा थबकले. तो पैसा त्यांचा नव्हताच. परंतु ज्याला अमेरिकेत ‘एफबार’ म्हणतात त्या अहवालाचा नियम मालकीपुरता थांबत नाही. सहीचा अधिकार असलेले खातेही त्यात दाखवावे लागते. सर्व परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरच्या पुढे गेली, तरी अहवाल बंधनकारक होतो. एकत्र खात्याची सबंध रक्कम धरावी लागते, आपला वाटा तेवढाच नाही.

एफबार हा कर नव्हे, ती केवळ माहिती आहे. त्यापोटी एक डॉलरही भरावा लागत नाही. त्याची मुदत १५ एप्रिल असून ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मात्र माहिती न दिल्यास होणारा दंड मोठा असतो. हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीसाठी तो खात्यागणिक लावावा की अहवालागणिक, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ साली बिटनर खटल्यात न्यायालयाने अहवालागणिक असा निर्णय दिला. अकरा खाती असलेल्या माणसाला या एका शब्दातील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

बाकीच्या गोष्टीही हळूहळू पुढे आल्या. वडिलोपार्जित शेतीचे उत्पन्न भारतात करमुक्त. अमेरिकेच्या विवरणपत्रात मात्र ते दाखवावे लागते. भारतातील म्युच्युअल फंडांना तेथे स्वतंत्र आणि किचकट नियम लागू होतात. भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर; म्हणून बँकेचे एकच व्याज प्रमाणपत्र दोन्हीकडे चालत नाही, बारा महिन्यांचा उतारा काढून व्याज नव्याने मांडावे लागते. हे काम मात्र अण्णांनी आवडीने केले. दिवाळी ते दिवाळी चालणाऱ्या वह्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि आकारणी वर्ष १९८९-९० पासून सर्वांना मार्चअखेर सक्तीची झाली तेव्हाची धांदलही अनुभवली होती. दोन वर्षांचा मेळ घालणे त्यांना नवीन नव्हते.

जड गेले ते दुसरेच. बँकेचा सांकेतिक क्रमांक भारतातील मोबाईलवर येई आणि ते सीमकार्ड सोयीसाठी मुलाच्या फोनमध्ये घातलेले होते. “अण्णा, तुम्ही नका त्रास घेऊ, मी करतो सगळं,” असे मुलगा प्रेमानेच म्हणे. पण ज्याच्या शब्दावर बाजारात लाखोंचे सौदे होत, त्याला बहिणीच्या औषधासाठी दोन हजार पाठवावयाचे असले, तरी मुलाची कचेरी सुटेपर्यंत थांबावे लागे. एके संध्याकाळी अण्णा एवढेच म्हणाले, “पैसे माझे, सही माझी, आणि परवानगी तुझी. हा हिशेब मला लागत नाही.” मुलगा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन सीमकार्डांचा एक साधा फोन आणून वडिलांच्या हाती दिला. यादीतील अकरा खात्यांपेक्षा हा तंटा अधिक खोल होता, हे दोघांनाही कळले होते.

ऑक्टोबरमध्ये अण्णा सांगलीस आले ते थेट शाखेत गेले. आपण फेब्रुवारीपासून परदेशी राहतो, खाते एनआरओ करावे आणि एप्रिलमध्ये दिलेला १५-एच रद्द समजावा, असा लेखी अर्ज त्यांनी दिला. काउंटरवरील ओळखीचा गृहस्थ आपुलकीने म्हणाला, “अण्णा, राहू द्या की. वर्षानुवर्षं लोक असंच चालवतात. कोण विचारतंय?” बाजारातील मित्रांचाही सल्ला तोच होता. अण्णांचे उत्तर लहान होते. “विचारो न विचारो, खाली सही माझी आहे ना?”

हे खरेपण स्वस्त पडले नाही. एनआरओ ठेवीच्या व्याजातून पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कपात सुरू झाली. भारत-अमेरिका करारानुसार तो दर १५ टक्क्यांवर आणता येतो; पण त्यासाठी तेव्हा अमेरिकेच्या करखात्याचे निवास प्रमाणपत्र आणि १०-एफ अर्ज लागे आणि ते हाती येईपर्यंत महिने जात. ज्येष्ठ नागरिकाला व्याजावर मिळणारी ५०,००० रुपयांची वजावट आणि वाढीव करमुक्त मर्यादा, दोन्ही निवासी ज्येष्ठांसाठीच असल्यामुळे गेल्या. अण्णांनी अनिवासी म्हणून विवरणपत्र भरले आणि आधी न कापलेल्या कराची रक्कम व्याजासह चुकती केली. पाठशाळेच्या आणि पेढीच्या खात्यांवरून आपली सही काढून घेतली. कपाटातील सह्या केलेले धनादेश फाडून टाकले. त्यांच्या जागी पुतण्याला मोजक्या कामांपुरते कुलमुखत्यारपत्र दिले. ते सांगलीतच केल्याने सोपे गेले. परदेशात केले असते, तर वकिलातीत साक्षांकन करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागले असते.

बँक आणि कर यांचे कोडे असे सुटले. वास्तव्याचे मात्र सुटेना. पुढल्या वर्षी अण्णांचा गुडघा दुखावला. ग्रीन कार्डधारक ज्येष्ठाला मेडिकेअरमध्ये पैसे भरून प्रवेश मिळण्यासाठीसुद्धा सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवरचा खासगी विमा महाग. शस्त्रक्रिया मिरजेस करावयाची ठरली आणि विश्रांतीसह दहा महिने सांगलीत गेले. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या कार्डधारकाकडे परतताना नव्याने चौकशी होऊ शकते. एक वर्षाच्या पुढे गेल्यास तर पुनर्प्रवेश परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. विमानतळावरील अधिकाऱ्याने दुभाष्यामार्फत विचारले, “तुमचं घर कुठे आहे?” अण्णांच्या तोंडून सरळ उत्तर गेले, “सांगलीला.” अधिकाऱ्याने कागद पाहिले, समज दिली आणि आत सोडले. बाहेर मुलगा दोन तास उभा होता.

मुलाने घरी येताच परवान्याचा अर्ज भरावयास घेतला. अण्णांनी त्याला थांबविले. त्यांनी एका कागदावर जमा आणि नावे असे दोन रकाने आखले. जमेच्या बाजूस नातवंडे, मुलाचा शेजार आणि अडीअडचणीला हाकेच्या अंतरावरचे माणूस. नावेच्या बाजूस दोन देशांची विवरणपत्रे, उपचारांची अनिश्चितता, आणि दर वर्षी किती दिवस कोठे राहावे याची टांगती तलवार. शेवटी त्यांनी लिहिले, ‘ग्रीन कार्ड हे कायम राहणाऱ्यासाठी आहे. मी येऊन जाऊन राहणारा आहे.’ मुलाला ते लागले. इतक्या खटपटीने मिळालेली गोष्ट वडील परत करीत आहेत, म्हणजे आपल्यालाच नाकारीत आहेत, असे त्याला वाटले. हा दुरावा कित्येक महिने टिकला आणि कोणत्याही लेखापालाला तो मिटविता आला नसता.

२०२५ च्या आरंभी अण्णांनी आय-४०७ हा अर्ज भरून कार्ड स्वेच्छेने परत केले. गेल्या पंधरांपैकी आठ करवर्षे ज्याने कार्ड बाळगले, त्याला ते सोडताना देशत्याग कराचे नियम लागू होऊ शकतात. अण्णा त्या मर्यादेच्या बरेच आत होते. त्या वर्षीचे विवरणपत्र आणि एफबार मात्र भरावेच लागले. सांगलीत कायमचे परतल्यावर बँकेला पुन्हा कळविले आणि एनआरओ खाते निवासी करून घेतले. पुढे अभ्यागत व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली. तेथे अर्जदाराचे मूळ घर मायदेशी आहे का, हेच पाहिले जाते. विमानतळावर ज्या उत्तराने अडचण केली, त्याच उत्तराने येथे काम केले. व्हिसा मिळाला, पण तो मिळेलच अशी हमी कोणालाही नसते. कार्ड सोडल्यावर पुन्हा हवे झाले, तर अर्ज पहिल्यापासून करावा लागतो. ही जोखीम अण्णांनी समजून घेतली होती. रात्री-अपरात्री छातीत दुखले तर मुलगा सात समुद्रापलीकडे असेल, हेही.

अण्णांचा निर्णय प्रत्येकाने घ्यावा असे नाही. ज्यांची सर्व मुले तिकडे आहेत, ज्यांचे मन तेथे रमते, त्यांनी खुशाल तेथे राहावे. पाच वर्षांनी मेडिकेअर आणि नागरिकत्वाची वाटही मोकळी होते. निर्णय मात्र तिकीट काढण्यापूर्वी व्हावा. घरातील वडीलधारे निघण्याच्या सहा महिने आधी त्यांना, मुलाला नव्हे, विचारावे की वर्षातून किती महिने कोठे राहण्याची त्यांची इच्छा आहे. त्या उत्तरावरून खाती, कर आणि परवाने ठरवावेत. सर्व खात्यांची यादी एका पानावर करावी. एकत्र खाती, संस्थांची खाती आणि केवळ सहीपुरती असलेली खाती त्यात यावीत. पासपोर्ट, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे का, ते पाहावे. नामनिर्देशन झाले म्हणजे मृत्युपत्राची गरज संपत नाही, आणि कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, हे दोन्ही ध्यानात असावे. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवू नयेत. १ एप्रिल २०२६ पासून भारताचा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून जुन्या आठवणीवर विसंबून अर्ज न भरता दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला विचारावे. त्याची फी दंडापेक्षा नेहमीच कमी असते.

अण्णांची यादी आता पाच खात्यांवर आली आहे. तिची एक प्रत सांगलीच्या कपाटात आहे आणि एक मुलाकडे एडिसनला. दर मार्चअखेर दोघे दूरध्वनीवर ती ओळीओळीने ताडून पाहतात. त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात अलीकडे खात्यांचा विषय पाच मिनिटांतच संपतो.