पाणी पाजलेलं कांसं

आमच्या घरी एक काशाची वाटी होती. जेवायला नव्हे, तळपाय घासायला. चैत्र-वैशाखात डोळ्यांची आग झाली की आजी मला पडवीत आडवं पाडायची, पावलाला खोबरेल चोळायची आणि वाटीच्या बुडाने तळवा घासत बसायची. थोड्या वेळात तळवा काळा कुळकुळीत. "पळय, कितली उश्णताय भायर सरली," ती म्हणायची. ते काळं माझ्या अंगातलं नव्हतं, तेलाने वाटीवरून उतरवलेलं होतं, हे मला फार पुढे कळलं. डोळे मात्र निवायचे, आणि त्याचं उत्तर अजून मी शोधलेलं नाही. शोधायचंही नाही.

एका सुट्टीत मी त्या वाटीत काजूबिया भरून ती चुलीतल्या निखाऱ्यांत खुपसली. काजूच्या तेलाने भडका घेतला, मी पळाले, आणि वाटी रात्रभर राखेत पडून राहिली. सकाळी चोरून काढली, चिंचेने घासली. पूर्वीसारखीच दिसत होती. मग हातातून निसटली आणि अंगणातल्या चिऱ्यावर पडून तिचे तीन तुकडे झाले. काचेसारखे. याआधी ती कितीदा पडली असेल. प्रत्येक वेळी टणणकन वाजून, गिरकी घेऊन थांबली होती. आजीने मारलं नाही. तुकडा हातात घेऊन वाजवला, बद्द आवाज आला. "बाये, कांशें फुटलें न्हय, मेलें तें."

धातू मरतो म्हणजे काय?

आमचा गाव लाटंबार्से. डिचोली तालुक्याचं टोक. पुढे दोडामार्गाकडे गेलं की महाराष्ट्र. या गावाचाच एक वाडा कासारपाल. कोंकणीत कासाराला 'कांसार' म्हणतात, त्या अनुस्वारात कांसं अजून वाजतं. देशावरच्या मैत्रिणीला मी कासारपाल म्हटलं तेव्हा तिला बांगड्या आठवल्या, कारण तिकडे कासार म्हणजे बांगड्या भरणारा. तिथे धंदा बदलला तरी नाव धातूलाच चिकटून राहिलं. कासारपालची कालिका ही दैवज्ञांची, म्हणजे सोनारांची कुलदेवी. काशाच्या नावाच्या वाड्यात सोन्याचं काम करणाऱ्यांची देवी! लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. देवळात जायचं ते सप्ताहाला, टाळांच्या गजरात झोप येईपर्यंत.

वाटीच्या मरणाचं कोडं सुटलं ते कॉलेजात, धातुशास्त्राचं एक पुस्तक चाळताना. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. कथील शंभरात दहापर्यंत असेल तर धातू हातोडा सोसतो. ते वीस-बावीसवर गेलं की रंग पिवळसर सोनेरी होतो, नाद लागतो आणि धातू ठिसूळ होतो. थंडपणी ठोकलात तर तडकेल. पण लालबुंद तापवा, आणि तोच धातू हातोड्याखाली कणकेसारखा पसरतो. आता खरी गंमत. तो हळूहळू निवू दिला तर आत दोन तऱ्हेचे कण वेगवेगळे होतात, त्यातला एक काचेइतका ठिसूळ. तापलेला असतानाच पाण्यात बुडवला तर त्या कणांना वेगळं व्हायला सवडच मिळत नाही, आणि वाटी चिवट राहते.

लोहार नेमकं हेच करतो आणि उलट फळ मिळवतो. कोयता तापवून पाण्यात घातला की पोलाद कडक होतं. आपण त्याला पाणी पाजणं म्हणतो. धारदार तलवारीला पाणीदार म्हणतो. राखेत निवलेलं पोलाद मऊ, पाण्यात निवलेलं कठीण. कांसं पाण्यात निवलेलं चिवट, राखेत निवलेलं ठिसूळ. एकाच बाजारपेठेत, एकाच तऱ्हेच्या भात्यासमोर बसलेल्या दोन कारागिरांनी पाण्याकडून परस्परविरुद्ध कामं करून घेतली. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. कानाला आवाज आणि डोळ्याला विस्तवाचा रंग एवढाच कळत होता. माझ्या वाटीला कुणा कासाराने पाजलेलं पाणी मी एका रात्रीत राखेत उतरवलं होतं.

ही युक्ती किती जुनी? नागपूरजवळ माहुरझरीला महापाषाणयुगीन दफनं सापडली. तिथल्या काशाच्या वस्तूंत कथिलाचं प्रमाण विशीच्या आसपास आहे, आणि तापवून ठोकल्याच्या, पाण्यात बुडवल्याच्या खुणा धातूच्या पोटात अजून वाचता येतात. म्हणजे निदान दोन हजार वर्षांपूर्वी विदर्भातल्या कुणाला तरी हे ठाऊक होतं. त्याने ते लिहून ठेवलं नाही. धातूने लिहून ठेवलं.

आणि कथील आणायचं कुठून? आपल्याकडे ते फारसं निघत नाही. पुष्कळसं मलायाच्या बाजूने गलबतांतून यायचं. अरबी भूगोलकारांच्या लेखनात त्या किनाऱ्यावरचं 'कलाह' नावाचं बंदर येतं. त्यावरूनच अरबीत कथिलाला 'कलई' म्हणू लागले असं मानतात, पोर्तुगिजांनी त्याचं 'कलाईं' केलं, आणि आपण कल्हई. दारात बसून नवसागराचा पांढरा धूर काढणारा कल्हईवाला आरोळी द्यायचा तेव्हा नकळत समुद्रापलीकडच्या एका बंदराचं नाव घ्यायचा! आमच्याकडे त्याच्यावाचून चालायचं नाही. पितळेच्या पातेल्यात सोलांचं सार ठेवलं आणि कल्हई उडालेली असली, की सार कळकलंच.

पितळेचीही एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगते. त्यातलं जस्त खनिज तापवून वेगळं काढावं म्हटलं तर ९०७ अंशांना त्याची वाफ होते आणि ते धुराबरोबर निघून जातं. राजस्थानात झावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या टांगून ती वाफ खालच्या बाजूला उतरवली, थंड केली आणि जस्त मिळवलं. हे मध्ययुगात, मोठ्या प्रमाणावर. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला याच कामाचं पेटंट मिळालं ते १७३८ साली.

पण माझा जीव काशात, कारण त्याला आवाज आहे. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. ती १६५२ साली कुंकळ्ळीत ओतली. सोनं तिच्या नादात आहे. धातू घंटेचाच, तांब्या-कथिलाचा. कॅथेड्रलचा दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला, ही घंटा राहिली. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा मराठी देवळांत आल्या, आणि त्या तिथेही तशाच वाजल्या. घंटा मात्र ओतलेली असते, जाड असते. तिला पाणी पाजता येत नाही. मॉस्कोत सुमारे दोनशे टनांची एक राजघंटा ओतली. १७३७ च्या आगीत ती तापली, लोकांनी घाबरून पाणी ओतलं, आणि साडेअकरा टनांचा टवका उडाला. ती कधी वाजलीच नाही. ज्या पाण्याने वाटी तगते त्याच पाण्याने घंटा फुटते, फरक फक्त जाडीचा. या राजघंटेची हकीकत वाचली त्या दिवशी माझी चूक मला जरा हलकी वाटली.

त्याच मिश्रणाची आणखी एक शाखा इस्तंबूलला निघते. अवेदिस नावाचा आर्मेनियन किमयागार सोनं करायला बसला होता, असं त्याच्या घराण्यात सांगतात. १६१८ च्या सुमारास सोन्याऐवजी हाती आलं ते तांब्या-कथिलाचं असं मिश्रण, जे पातळ पत्र्यातही न तडकता घुमायचं. १६२३ साली त्याने झांजांचा कारखाना काढला. त्याला मिळालेलं आडनाव झिल्जियन, म्हणजे झांजकाराचा मुलगा. घराणं पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेलं. आज जॅझ आणि रॉकचे पुष्कळ ढोलकिये त्यांच्या झांजा वाजवतात. आमच्या सप्ताहातल्या टाळकऱ्यांना हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर एवढंच म्हणाले असते: मगीर, तोय कांसारच न्हय!

कांसं स्वयंपाकघरातून उठवलं ते शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने, १९१३ साली. त्याला भांडी करायचीच नव्हती. बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात म्हणून तो क्रोमियम घातलेलं पोलाद करून पाहत होता, आणि ते गंजेना. बंदुकीतून निघालेली वाट अशी आमच्या मांडणीपर्यंत आली. आईने पितळ-काशाची मोड देऊन चकचकीत स्टीलचा संच घेतला तेव्हा ती खूश होती, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. भांडी घासणारी तीच होती. आजीच्या वाटीचे तीन तुकडे तेवढे मी मोडीत जाऊ दिले नाहीत. एकाच्या बुडाला हातोड्याच्या ठोक्यांच्या बारीक चंद्रकोरी आहेत.

गेल्या वर्षी कोल्हापूरला एका प्रदर्शनात गेले होते. एका टेबलाखाली लाकडी खोकं, त्यावर काशाची तबकडी, आत मोटर. पायाला तूप लावून खुर्चीत बसायचं, बटण दाबलं की तबकडी गरगर फिरते. मी बसले. तळव्याखाली ते गार, गुळगुळीत फिरणं ओळखीचं होतं, फक्त त्याला आजीसारखं मध्येच थांबून गप्पा मारता येत नव्हत्या. दहा मिनिटांनी मोटर बंद झाली. पाय उचलून पाहिले, काळे कुळकुळीत.

पोऱ्याने कागदी रुमाल पुढे केला आणि म्हणाला, "बघा मॅडम, किती उष्णता बाहेर आली."